लँकेशायरचा उपास, मुंबईची दिवाळी

काही वर्षांपूर्वी ऑनसाईटच्या निमित्ताने मँचेस्टरला तीन महिने होतो. विकांताला करण्यासारखं फारसं काही नसायचं, म्हणून जेवण झालं की शहरात उगाच भटकायचं. असाच एकदा टाऊन हॉलजवळच्या गल्लीतून चालत होतो तर समोर चक्क अब्राहम लिंकन! उंच, किडकिडीत, पोटावर हात बांधून उभा. आता मँचेस्टरात राणी व्हिक्टोरिया भेटली तर समजू शकतो, पण लिंकनचं इथे काय काम? चौथऱ्यावर भरपूर मजकूर कोरला होता. पावसात उभा राहून थोडा वाचला, आणि मग रात्री हॉटेलवर जालावर शोधत बसलो. तेव्हापासून ही गोष्ट डोक्यात होती. लिहायचा मुहूर्त मात्र आत्ता लागला, आणि त्याला कारणही तसंच आहे.

कारण असं, की गेल्या महिन्यापासून आमच्या टीमचा शुक्रवार गेला. क्लायंटने बजेट कापलं, एचआरने सगळ्यांना एका खोलीत बसवून गोड शब्दांत सांगितलं की कोणालाही काढत नाही, फक्त आठवडा चार दिवसांचा आणि पगार वीस टक्के कमी. 'तात्पुरतं' हा शब्द पंधरा मिनिटांत सात वेळा आला (मी मोजला). घरी आल्यावर बायकोबरोबर एक्सेल उघडून बसलो. काय कापायचं, काय ठेवायचं, शुक्रवारी बाहेरचं काही काम मिळतं का. तर मंडळी, त्या एक्सेलसमोर बसल्यावर मला लिंकनचा तो पुतळा आठवला.

आता थोडा फ्लॅशबॅक.

१८६० सालचं लँकेशायर म्हणजे जगाचा कापड कारखाना. मँचेस्टर, ओल्डहॅम, प्रेस्टन, ब्लॅकबर्न, स्टॅलीब्रिज ही सगळी गावं सूत आणि कापड यांवर उभी. गिरण्यांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं, त्यात निम्म्याहून जास्त बायका आणि पोरंसोरं. गंमत अशी की या भागात कापसाचं एक बोंडही पिकत नाही. पाचातला चार हिस्से कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांतून यायचा, म्हणजे गुलामांनी वेचलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टिम एकाच व्हेंडरवर, आणि बॅकअप नाही.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. उलट दक्षिणेच्या पुढाऱ्यांनाही वाटत होतं की कापूस अडवला की इंग्लंड नाक मुठीत धरून आपल्या बाजूने येईल. त्यामुळे सुरुवातीला त्यांनी स्वतःहूनच माल रोखून धरला. दोन्हीकडून नळ बंद.

पण शाळेत शिकवतात तेवढं हे सरळ नाही. १८५९ आणि १८६० या दोन वर्षांत गिरण्यांनी बेसुमार माल काढून ठेवला होता आणि बाजारपेठा, त्यात आपला हिंदुस्थानही आला, त्या कापडाने तुंबल्या होत्या. म्हणजे युद्ध झालं नसतं तरी काम थोडं कमी करावंच लागलं असतं. १८६१ च्या शरद ऋतूत गिरण्यांनी 'शॉर्ट टाइम' सुरू केला तो आधी या तुंबलेल्या मालामुळे. ज्यांच्या गोदामात कच्चा कापूस पडून होता अशा काही मालकांनी तर तो कातण्यापेक्षा वाढलेल्या भावाने विकून टाकला. गिरणी बंद, नफा चालू. कामगाराला मात्र कारण एकच सांगितलं गेलं: युद्ध. (ओळखीचं वाटतंय ना? 'मार्केट कंडिशन्स'.)

शॉर्ट टाइम म्हणजे सहा दिवसांऐवजी आधी चार दिवस, मग तीन, मग दोन. १८६२ च्या उन्हाळ्यात कितीतरी गिरण्यांनी दरवाजेच लावून घेतले. त्या वर्षाच्या शेवटी साधारण पाच लाखांच्या आसपास लोक कुठल्या ना कुठल्या मदतीवर जगत होते. इतिहासात याला 'कॉटन फॅमिन' म्हणतात, कापसाचा दुष्काळ.

* * *

मला राजकारणापेक्षा जास्त उत्सुकता होती ती या लोकांच्या एक्सेलची. आठवड्याचा पगार निम्मा झाल्यावर घरात काय झालं असेल? सुदैवाने हे बऱ्यापैकी नोंदलं गेलंय. एडविन वॉ नावाच्या लेखकाने १८६२ मध्ये गावोगाव फिरून एका मँचेस्टरच्या वर्तमानपत्रासाठी लेख लिहिले. आणि सरकारने डॉ. एडवर्ड स्मिथ नावाच्या माणसाला हे लोक नेमकं काय खातात ते बघायला पाठवलं.

स्मिथचं काम वाचून मला तर हा माणूस आपल्यातलाच वाटला. त्याने घराघरांत जाऊन आठवड्याला किती पाव, किती बटाटे, किती दूध, किती पैसे असं लिहून घेतलं. मग त्यातून शरीराला कार्बन आणि नायट्रोजन किती मिळतं ते मोजलं, आणि उपासमारीचे आजार होऊ नयेत यासाठी माणसाला कमीत कमी किती लागतं, ते कमीत कमी खर्चात कसं भागेल, याचा हिशेब मांडला. माणसाच्या किमान आहाराचे आकडे ठरवण्याचे जे अगदी पहिले प्रयत्न झाले, त्यांतला हा एक. चौकटीत बसवलेला ऑप्टिमायझेशनचा प्रॉब्लेम! फक्त इथे व्हेरिएबल म्हणजे कोणाचं तरी पोट होतं.

खर्च कापण्याचा क्रम साधारण असा दिसतो. आधी मांस आणि लोणी गेलं, मग दूध आणि साखर कमी झाली, शेवटपर्यंत राहिला तो पाव. मग घरातल्या वस्तू. रविवारचे चर्चला जायचे कपडे पहिले गहाण. मग घड्याळ, मग खुर्च्या-टेबल, मग अंथरूण-पांघरूण. त्यानंतर घरभाडं: दोन कुटुंबांनी एका घरात राहायचं आणि भाडं वाटून घ्यायचं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उधारीचं खातं तर आधीपासूनच असायचं. या काळात ते फुगत गेलं, आणि गिऱ्हाईकाबरोबर कितीतरी छोटे वाणीही बुडाले.

ज्यांनी आधी शिल्लक टाकली होती त्यांची अवस्था तर फारच विचित्र झाली. लँकेशायरचा कामगार हा काही उधळ्या नव्हता. १८४४ साली रॉचडेलमध्ये २८ जणांनी सहकारी दुकान काढलं, ज्यातून जगभरची सहकारी चळवळ वाढली, ते हेच लोक. खरेदीच्या प्रमाणात नफा सभासदाच्या नावावर जमा व्हायचा. बचत बँका होत्या, आजारपणासाठी आणि अंत्यविधीसाठी मंडळं होती. पण सरकारी मदतीचा नियम असा की तुम्ही पूर्ण कंगाल असल्याशिवाय मदत नाही. म्हणजे ज्याने आयुष्यभर दारू पिऊन पैसे उडवले त्याला पहिल्या आठवड्यात मदत, आणि ज्याने पै-पै जमवली त्याने आधी ती संपवून यायची. वीस वर्षांची शिल्लक वर्षभरात गेली. आणि मदत मिळाली तरी किती? माणशी आठवड्याला दोन शिलिंगच्या आसपास.

शिवाय मदत फुकट नाही. पुरुषांनी त्या बदल्यात दगड फोडायचे, नाहीतर जुने दोरखंड उकलून त्याचा काथ्या करायचा. ज्या बोटांनी बारीक सूत सांधायचं त्या बोटांनी खडी फोडायची! कामगारांचा राग कष्टांवर नव्हता. आळशी भिकाऱ्यासाठी केलेली परीक्षा आपल्याला लावली, हे त्यांना झोंबत होतं.

* * *

आता वरकमाईचं. इथे मात्र लोकांनी डोकं लढवलं.

शेजारच्या यॉर्कशायरात लोकरीच्या गिरण्या जोरात होत्या, कारण सुती कापड महागल्यावर लोक लोकरीकडे वळले. काहीजण तिकडे गेले. काही ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला निघून गेले. गिरणीतल्या पोरी आणि वाजंत्र्यांचे जथे शहरांच्या रस्त्यांवर गाणी म्हणत फिरू लागले, खिडकीतून कोणी एखादी पेनी टाकेल या आशेने. ज्यांनी आयुष्यात कधी हात पसरला नव्हता ते. भीक मागण्यापेक्षा गाणं म्हणणं बरं, एवढाच काय तो फरक.

यातला माझा आवडता माणूस म्हणजे सॅम्युअल लेकॉक. स्टॅलीब्रिजचा विणकर. १८६२ मध्ये यंत्रमाग थांबला आणि हा घरी बसला. त्याला आपल्या बोलीत कविता करता यायच्या. मग त्याने दुष्काळाच्या दिवसांवर, घरातल्या ओढगस्तीवर, अशा काळात जन्माला आलेल्या मुलीवर पद्यं लिहिली. ती सुट्या कागदांवर छापून स्वस्तात विकली जायची आणि बेकार कामगार चालीवर म्हणत रस्त्यांवर फिरायचे. म्हणजे त्याचंही थोडं भागलं आणि म्हणणाऱ्यांचंही. पुढे तो तिथल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये ग्रंथपाल झाला आणि लँकेशायर बोलीतला मोठा कवी म्हणून आजही ओळखला जातो.

तरुण मुलींसाठी गावोगाव शिवणाच्या शाळा निघाल्या. येऊन बसा, शिवण शिका, थोडं वाचायला-लिहायला शिका आणि हजेरीचे पैसे घ्या. पुरुषांसाठीही मग अशाच शाळा काढल्या, दगड फोडण्याऐवजी. नोकरी नसताना ट्रेनिंगचे पैसे... आमच्याकडे याला 'बेंच' म्हणतात. :-)

यात एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. गिरण्या बंद म्हणजे उपासमार, पण आया दिवसभर घरी होत्या. एरवी तान्ही बाळं दुसऱ्याकडे ठेवून, अफूचं औषध पाजून झोपवून त्या कामावर जायच्या. आता त्या स्वतः अंगावर पाजत होत्या. त्यामुळे तान्ह्या मुलांच्या बाबतीत काही ठिकाणी परिस्थिती उलट सुधारल्याचं अहवालांत आलं. मार्क्सने 'भांडवल'मध्ये याची खास नोंद घेतली आहे. उगाच 'गरिबीतही सुख असतं' छापाचा निष्कर्ष मात्र काढू नका. त्याच १८६२ मध्ये प्रेस्टन आणि मँचेस्टरात टायफसची साथ होती, आणि ती अर्धपोटी, दाटीवाटीने राहणाऱ्या लोकांतच पसरत होती.

मार्च १८६३ मध्ये लेकॉकच्याच स्टॅलीब्रिजमध्ये दंगल झाली. कारण? मदत समितीने मदत कमी केलीच, वर रोख पैशांऐवजी दुकानात चालणारी तिकिटं द्यायचं ठरवलं. म्हणजे तुमच्या हातात रोकड दिली तर तुम्ही ती उडवाल. लोकांनी तिकिटं नाकारली, दुकानं फोडली, घोडदळ बोलवावं लागलं. दीड वर्ष निमूटपणे पोट मारलेली माणसं उठली ती या अविश्वासावर, हे मला फार बोलकं वाटतं.

त्यानंतर सरकारला जाग आली. १८६३ च्या उन्हाळ्यात कायदा करून नगरपालिकांना सार्वजनिक कामांसाठी सुरुवातीला १२ लाख पौंडांपर्यंत कर्ज द्यायची सोय झाली. रॉबर्ट रॉलिन्सन या इंजिनियरच्या देखरेखीखाली गटारं, पाण्याचे तलाव, रस्ते, बागा बांधल्या गेल्या. ओल्डहॅमचा अलेक्झांड्रा पार्क त्यातलाच, १८६५ मध्ये खुला झालेला. रॉचडेलच्या माळरानावरून जाणारा एक फरसबंद रस्ता अजून 'कॉटन फॅमिन रोड' म्हणूनच ओळखतात. आपल्याकडच्या रोजगार हमीची आठवण येते की नाही?

* * *

आणि लिंकन? ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. गुलामगिरी संपवण्याच्या लढ्याला पाठिंबा देणारं पत्र लिंकनला पाठवायचं ठरलं. ज्या नाकेबंदीमुळे पोटाला चिमटा बसला त्याच नाकेबंदीच्या बाजूने! लिंकनने १९ जानेवारी १८६३ ला उत्तर दिलं आणि या कामगारांचं वागणं कुठल्याही युगात, कुठल्याही देशात याहून थोर झालं नसेल अशा अर्थाचं लिहिलं. फेब्रुवारीत 'जॉर्ज ग्रिसवोल्ड' हे जहाज अमेरिकेतून पिठाची पिंपं घेऊन लिव्हरपूलला लागलं. सगळं लँकेशायर असं उदात्त होतं असं नाही. दक्षिणेला मान्यता देऊन कापूस आणा म्हणणाऱ्या सभाही तिथे झाल्या. पण पुतळा त्या रात्रीचा आहे.

* * *

आता आपली बाजू. ती नाही सांगितली तर गोष्ट अर्धीच राहील.

अमेरिकेचा कापूस बंद, मग कुठला? आपला. ब्रिटनच्या एकूण कापसात हिंदुस्थानचा वाटा १८६० मध्ये साधारण १६ टक्के होता, तो १८६२ मध्ये ७५ टक्क्यांवर गेला. खानदेश, वऱ्हाड, गुजरात, धारवाड इथला माल मुंबईच्या बंदरातून जायचा आणि तिकडे त्या सगळ्याला सरसकट 'सुरत' म्हणायचे. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला हा कापूस अमेरिकन मालाला बसवलेल्या यंत्रांवर सारखा तुटायचा. लँकेशायरात मजुरी कामावर, तासांवर नाही. म्हणजे गिरणी चालू झाली तरी दिवसभर तुटलेलं सूत सांधत बसायचं आणि हातात पहिल्यापेक्षा कमी पैसे. 'सुरत' हा शब्द तिथे जवळजवळ शिवीसारखा झाला.

इकडे मुंबईत मात्र दिवाळी. त्या चार-पाच वर्षांत कापसाच्या वाढीव भावापोटी मुंबईत जादा आलेला पैसा ८ कोटी १० लाख पौंड होता, असा आकडा नेहमी दिला जातो. एवढ्या पैशाचं काय करायचं? बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्या. बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. प्रेमचंद रायचंद हा या खेळाचा राजा. वऱ्हाडाकडच्या शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशीही आख्यायिका आहे.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. युद्ध संपलं. लँकेशायरने सुटकेचा श्वास टाकला आणि मुंबईचा श्वास अडकला. १ जुलै १८६५ हा सौद्यांच्या पूर्ततेचा दिवस होता, आणि त्या दिवशी कागदावरचे लक्षाधीश रस्त्यावर आले. प्रेमचंद बुडाला, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. त्याने तेजीच्या दिवसांत युनिव्हर्सिटीला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर तेवढा शिल्लक आहे, त्याच्या आईच्या नावाचा. तो १८७८ मध्ये पूर्ण झाला.

शेतकऱ्याची गोष्ट जास्त लांबली. तेजीत सावकार सढळ हाताने कर्ज देत होते, कारण पिकाला भाव होता. भाव उतरले, कर्ज तसंच राहिलं, आणि १८६७ नंतर सरकारने नव्या आकारणीत शेतसाराही वाढवला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची घरं-दुकानं गाठून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणतात ते हे. त्यात कापसाच्या तेजीचा नेमका वाटा किती यावर इतिहासकार भांडतात, पण चढत्या भावावर विसंबून घेतलेलं कर्ज उतरत्या भावाने फेडणं म्हणजे काय, ते सुप्याच्या माणसाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी हे ज्या फ्लॅटमध्ये बसून लिहितोय त्याचा ईएमआय पाच दिवसांच्या आठवड्यावर बेतलेला आहे, हेही इथे सांगून टाकतो.

* * *

आमच्या एक्सेलचं पुढे काय झालं? ओटीटी गेलं, कार आता आठवड्यातून एकदाच निघते, बाहेरचं जेवण महिन्यातून एकदा. मुलीचा तबल्याचा क्लास आणि आईचा मेडिक्लेम ठेवला. शुक्रवारी एका जुन्या मित्राच्या छोट्या कंपनीचं टेस्टिंग करून देतो (एचआरची लेखी परवानगी घेऊन. आपल्या करारात काय लिहिलंय ते आधी वाचा, ही फुकटची सूचना). गेलेल्या वीस टक्क्यांतले पाच-सहा टक्के त्यातून भरून निघतात. लेकॉकपेक्षा बरंच बरं आहे माझं, आणि लेकॉकशी तुलना करायची माझी लायकी नाही हेही मला कळतं. माझ्या घरात अजून अंथरूण गहाण पडलेलं नाही.

पण एक गोष्ट कबूल करायची आहे. पहिले तीन शुक्रवार मी नेहमीच्या वेळेला लॅपटॉपची बॅग घेऊन घरातून निघालो आणि एका वाचनालयात जाऊन बसलो. बायकोला माहीत होतं. बाबांना नव्हतं. बाबा सकाळी गॅलरीत पेपर वाचत बसतात आणि मी निघताना हात करतात. त्यांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं, म्हणून काहीच सांगितलं नाही. त्याच वाचनालयात बसून मी कॉटन फॅमिनबद्दल वाचत होतो. रविवारचे कपडे गहाण पडले म्हणून चर्चला जाणंच सोडून देणारी माणसं, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून धडपडणारी. आणि त्यांच्याचबद्दल, यांच्या हातात रोख पैसे देऊ नका असं ठरवणाऱ्या समित्या. काम कमी झालं ही त्यांची चूक नव्हती, तरी लाज त्यांनाच वाटत होती. वाचता वाचता माझ्या पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे लक्ष गेलं.

काल चौथा शुक्रवार. सकाळी बाबांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि सांगितलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्मा काढला. म्हणाले, "एवढंच ना? मला वाटलं, तुला काढूनच टाकलंय. तीन आठवडे बघतोय, शुक्रवारी डबा घेऊन जात नाहीस तू."

मग म्हणाले, भाजी आणायला चल, मंडईत स्वस्त मिळते. गेलो. मेथीची जुडी कॉलनीतल्यापेक्षा पाच रुपयांनी स्वस्त होती. एक्सेलमध्ये टाकली आहे.